जर्मनचा पत्रा

“तू व्हतीस ना गो इथं?” एवढंच हैबती म्हणाला. रागानं नाही, चढ्या आवाजात नाही. तहान लागल्यावर पाणी मागावं तसं म्हणाला, आणि हातातली पत्रा तापवायची गॅसची बत्ती विझवून उभा राहिला. त्याच्यासमोर गनीभाईची रुग्णवाहिका होती, आणि तिच्या कुशीला, आत्ता आत्तापर्यंत नुसता पोचा होता तिथं, तळहाताएवढं भोक पडलं होतं. दारात उभ्या असलेल्या आवडीच्या एका हातात चहाची किटली होती, दुसऱ्यात वीरेश्वराला फुलं वाहून रिकामी झालेली परडी, आणि तोंडात शब्द नव्हता. असून चालणारही नव्हता. आषाढीपासून तिनं नेम धरला होता : चातुर्मासभर सकाळी डोळे उघडल्यापासून देवळात जाऊन परत घरी येऊन देवापुढं दिवा लावीपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मागच्या वर्षी जेवताना मौन होतं, त्याआधी कांदा-लसूण सोडला होता. यंदा हे. तिनं मान हलवली. हो, होते. नवऱ्यानं बत्ती खाली ठेवली. छपरावर पाऊस वाजत होता, बाहेर महामार्गावरून गोव्याकडं जाणाऱ्या गाड्या पाणी उडवत चालल्या होत्या. तिनं किटली नेहमीच्या फळीवर ठेवली आणि छत्री उघडून घराच्या वाटेला लागली.

ते वाक्य मात्र तिच्यामागून आलं. गल्लीत वळलं, पिठाच्या गिरणीपाशी जरा मागं राहिलं आणि दाराशी पुन्हा तिला गाठून उभं राहिलं. तू व्हतीस ना. म्हणजे काय? तू असून गप्प राहिलीस, असं? की दुसरंच काही? कारण ती होती हे खरंच होतं, आणि तिनं सगळं पाहिलं होतं. पत्र्यावर चोळलेला साबण आधी पिवळसर झाला, मग गुळासारखा, मग करपला. गुळासारखा झाला की बत्ती काढायची, हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. शब्द गळ्यापर्यंत आलाही होता. पण देवळात शिंक आली की माणूस दाबतो, तसा तिनं तो गिळला, आणि गिळल्यावर तिला बरं वाटलं होतं. राहिला बाई नेम. हे बरं वाटणं क्षणभराचंच. तेवढ्यात पत्रा वितळून बसला. लोखंड निदान लाल होऊन सांगतं तरी. हा ॲल्युमिनियमचा पत्रा काही सांगत नाही. चांदीसारखा उभा असतो, उभा असतो, आणि एकदम दुधावरची साय खाली बसावी तसा बसतो. आवाजसुद्धा होत नाही. पत्रा गेल्याचं तिला इतकं वाईट वाटत नव्हतं. ते बरं वाटणंच चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं, आणि भर पावसात थांबून चप्पल झाडावी अशी काही ती गोष्ट नव्हती.

तिनं पाय धुतले, देवापुढं बसली, वात लावली. रोज दिवा लागला की पहिला शब्द देवाचा. आज ओठ उघडले आणि बाहेर आलं, “भाजला.” तिचं तिलाच दचकायला झालं. हळद-कुंकवाच्या वासात तो शब्द चुलीपुढून उठून आल्यासारखा बसून राहिला. मग तिनं देवाचं नाव घेतलं, दोनदा घेतलं, पण पहिला तो पहिलाच.

भाजला हा तिचाच शब्द. लग्न होऊन पोलादपूरकडच्या डोंगरातून ती महाडला आली तेव्हा हैबती नुकताच मुंबई सोडून आला होता. तिथं बसगाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात तो पत्र्याचं काम शिकला. महाडात लोखंडाचा पत्रा ठोकणारे पुष्कळ होते, पण ॲल्युमिनियम हातात धरणारा तो एकटा. तो ॲल्युमिनियम म्हणतच नसे. आपल्याकडं पातेल्यांना म्हणतात तसं जर्मन म्हणे. जर्मनचं काम, जर्मनचा पत्रा. एकदा एक सुटाबुटातला माणूस मोठी परदेशी गाडी घेऊन दारात आला आणि म्हणाला, तुम्ही जर्मन गाड्यांचे स्पेशालिस्ट ना? हैबतीनं गाडीवर टिचकी मारली, वाकून कान लावला आणि म्हणाला, “सायेब, ही जर्मन नाय, ही लोखंडाची हाय.” तो माणूस असा तडकून गेला की आठवडाभर दोघांना जेवताना हसू फुटायचं. त्या पहिल्या दिवसांत ती डबा घेऊन जायची आणि तिथंच बाकड्यावर बसून राहायची. त्याच्याजवळ हत्यारांची दोन गाठोडी होती. एक उघडंच पडलेलं, दुसरं लाल फडक्यात बांधलेलं. लालमधली मोगरी, हातोडी, मागून धरायचा ठोकळा लोखंडाच्या पत्र्याला कधी लावायचा नाही. लोखंडाचा कीस जर्मनला चिकटला की तो आतून सडतो. “म्हणजे सोवळ्यातली हत्यारं,” ती म्हणाली होती. त्याला ते इतकं आवडलं की पुढं तोही तसंच म्हणू लागला. गिऱ्हाईकांपुढंसुद्धा. “आवडे, सोवळं काढ,” म्हणायचा, आणि नवी माणसं बघत राहायची.

लोखंडाला आठवण असते, असं तो सांगे. पोचा पडला तरी त्याला आपला मूळचा आकार माहीत असतो, नीट जागी दाबला की अर्धी वाट तेच चालून येतं. जर्मनला आठवण नाही. वाकला की वाकलाच, तोच आपला आकार समजून बसतो. वर घाई केली, थंड असताना ठोकला, तर चिरतो. म्हणून त्याला ऊब द्यायची, पण किती द्यायची ते तो स्वतः कधी कळू देत नाही. तिथं साबण. कपडे धुवायची साधी वडी पत्र्यावर घासायची, मागून बत्ती धरायची आणि डोळ्याचं पातं लवू न देता रंग बघायचा. ती बघायची आणि भाकरीपुढं बसल्यासारखी सहज बोलून जायची, “भाजला हो.” तो हसून बत्ती काढायचा. अर्थात तो तिच्या सांगण्यावरून काढत नव्हता. त्याला दिसतच होतं. तिचं बोलणं ते आपलं भजनातल्या टाळासारखं. टाळ नसला म्हणून भजन थोडंच अडतं.

मग संसार वाढला. प्रियदर्शिनी झाली, शिकली, लग्न होऊन खारघरला गेली. गॅरेजात बसणं केव्हाच सुटलं होतं. पुरात गॅरेज छपरापर्यंत पाण्याखाली गेलं, तेव्हा लाल फडक्यातलं गाठोडं तेवढं तो उराशी धरून घराच्या माळ्यावर बसला होता. मग हळूहळू सगळं पुन्हा उभं राहिलं. आणि गेल्या थंडीपासून तो तिला बोलवायला लागला. फोन करायचा, “चा घेऊन ये गो जरा.” शेजारी टपरी आहे की, असं ती एकदा म्हणाली. तर म्हणाला, त्याला तुझी चव नाय. आवडीला हे कुणाला सांगताही आलं नसतं, पण किटली भरताना ती आताशा आरशात डोकावून जात असे. उतारवयात पुरुष हळवे होतात म्हणतात, तसं असेल. ती गेली की तो म्हणे, थांब जरा, एवढं होऊ दे. आणि बत्ती पेटवी. ती किटली धरून उभी राही, साबणाकडं बघे आणि तोंडातून जायचंच, “भाजला.” चहा तोवर निवून जायचा. निवलेला चहा तो मिटक्या मारत प्यायचा.

तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला. दर वेळी. दर वेळी तो बत्ती पेटवायच्या आधीच बोलवत होता. पेटवून झाल्यावर नाही, ठोकून झाल्यावर नाही. तिनं पुन्हा तांदळात बोट फिरवलं, खडे बाजूला केले, आणि खडे बाजूला होतात तशा एकेक गोष्टी आपोआप बाजूला येऊन बसू लागल्या. प्रियदर्शिनी फोनवर तोंड दाखवून बोलते तेव्हा परवा म्हणाली होती, बाबा माझ्याकडं बघतच नाहीत गं, भिंतीशी बोलतात. आवडीनं तिला वर समजावलं होतं, त्यांना फोनचं जमत नाही. ताटात मीठ कुठं वाढलंय ते तो बोटानं चाचपतो. तिला वाटलं होतं, सवय. पेपर घेणं बंद केलं. म्हणाला, त्यात काय असतं. मोगरी मारण्याआधी तळहात पत्र्यावरून फिरवतो, पूर्वीही फिरवायचा, पण पूर्वी एकदा फिरवायचा. एकेक खडा बारीक होता. जवळ ठेवल्यावर त्यांचा ढीग दिसायला लागला, आणि तिला तो नको होता. तिनं सूप उचललं आणि तांदूळ निवडून झालेच नव्हते तरी धुवायला घेतले.

कारण तो ढीग खरा असेल तर दोन गोष्टी खऱ्या ठरत होत्या. एक, की आज सकाळी बांगड्या वाजल्या तेव्हा हैबतीला कळलं की आवडी आली. त्यानं निर्धास्त होऊन बत्ती धरली आणि कानानं वाट बघत राहिला. ती काही बोलली नाही म्हणजे अजून रंग आला नाही, असं त्यानं धरलं. नेमाचं तो विसरला. चारच दिवस तर झाले होते, त्यात या दिवसांत जर्मनला बत्ती लावायची वेळच आली नव्हती. तिचं मौन देवासाठी होतं आणि त्याच्यापर्यंत ते पोचलं ‘अजून नाही’ होऊन. तू व्हतीस ना, याचा अर्थ मग एवढाच होता. आणि दुसरी गोष्ट सांगायला तर तिला स्वतःशीसुद्धा लाज वाटत होती. ती अशी, की थंडीपासूनचे ते सगळे चहा चहा नव्हतेच. त्याला ती नको होती, तिचे डोळे हवे होते. भाताला उकळी आली. झाकण थडथडू लागलं तरी ती तशीच उभी होती. डोळे तर डोळे, ती मनाशी म्हणाली. पण ते म्हणणं काही खाली उतरलं नाही, गळ्याशीच राहिलं.

दुपारी डबा घेऊन ती गेली तेव्हा गनीभाई आलेला होता. मोहल्ल्याच्या जमातीची ती रुग्णवाहिका तोच चालवायचा. आंबेनळी घाटात समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना दरडीला घासून कूस आत गेली होती. पावसाळ्यात डोंगरातल्या गावांतून पेशंट आणायचे तर तीच एक गाडी. आता भोकातून हात आत घालून गनीभाई बोटं हलवत होता.

“काय रे हैबती, मी पोचा काढाया दिला, तू खिडकीच काढलीस की! पेशंटला हवा खायाला?”

“पत्रा सडका व्हता,” हैबती म्हणाला.

“सडका? परवा तूच म्हणालास, पत्रा कोरा हाय, बिनघोर ऱ्हा.”

“वरून वाटला कोरा. आतून व्हता सडका.”

आवडीनं डबा ठेवला. तिच्या देखत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. आणि आता बोलला तेही किती वाईट. सवय नसलेल्या माणसासारखं, एकच वाक्य फिरवून फिरवून.

“मंग ठिगळ मारशील ना?” गनीभाईचा आवाज आता थट्टेचा राहिला नव्हता. “बघ बाबा. चार लोकांचा जीव त्यात जातो-येतो. नाय जमत तर सांग, मी पनवेलला नेतो. त्यात रागवायचं काय नाय.”

हैबतीच्या दारातली गाडी आजवर दुसऱ्याच्या दारात गेली नव्हती. त्याचा चेहरा आक्रसला आणि लगेच, फार लगेच, हसरा झाला. “आरं तुला खरं सांगतो. ही तुझी वैनी. आज गुरुवार ना हिचा, पिवळी साडी नेसून दारात मुकी उभी ऱ्हायली गौरीसारखी. मी बगत ऱ्हायलो तिच्याकडं, तवर इकडं बसला पत्रा!”

गनीभाई मोठ्यानं हसला, आवडीकडं वळला, आणि त्याचं हसू मध्येच राहिलं. आवडी वारांप्रमाणं साड्या नेसते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. सोमवारी पांढरी, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळी. पण या पावसात पिवळी काही केल्या वाळली नव्हती, दोरीवरच दमट वास धरून बसली होती, आणि आज पहाटे देवाची क्षमा मागून तिनं कपाटातली दुसरी काढली होती. गनीभाईनं तिच्या पदराकडं बघितलं, मग हैबतीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. तोंड उघडून त्यानं मिटलं. जन्मभर तोंडाळ म्हणून ओळखला गेलेला माणूस तो, पण अशा वेळी कुठं पाऊल टाकू नये ते त्याला समजलं. खाली बघत, हलक्या आवाजात त्यानं विचारलं, “वैनी, तुमीच सांगा. गाडी ठेवू का नेऊ?”

आता तिला बोलायची बंदी नव्हती. दिवा कधीच लागून गेला होता. तरी तिला सकाळसारखंच झालं. शब्द गळ्याशी, आणि गिळला तर सगळं जागच्या जागी राहील असं वाटणं. ती गप्प राहिली तर गनीभाई समजून गाडी घेऊन जाईल, काहीतरी निमित्त काढील, कुणाची अब्रू जाणार नाही. उद्यापासून ती किटली घेऊन येत राहील. हा पिवळी म्हणत राहील, ती हो म्हणत राहील. म्हातारपण असंही निभतं पुष्कळांचं. किंवा नुसतं ‘ठेवा’ म्हटलं तरी चाललं असतं. पण हैबती बत्तीचा नळा हातात धरून तिच्या दिशेला तोंड करून थांबला होता. सकाळी थांबला असेल तसाच, कान टवकारून. त्या थांबण्यात कुठं लबाडी नव्हती. त्यात नुसता भरवसा होता.

“ठेवा,” ती म्हणाली. “पन साबणाचा रंग मी बगनार. ठोकतील हे. ह्यांना दिसत नाय, गनीभाई.”

पावसाचा आवाज एकदम मोठा झाला असं वाटलं. हैबतीनं नळा खाली ठेवला, अगदी सावकाश, जमीन कुठं आहे ते आधी बघून घेतल्यासारखा. गनीभाईनं खिशातली चावी काढून फळीवर ठेवली. “मी चा सांगून येतो,” म्हणाला आणि शेजारी सकाळची किटली भरलेली दिसत असतानाही छत्री न उघडता बाहेर पडला.

“कधीपासना ठावं तुला?” हैबतीनं विचारलं.

“आत्ताच.”

“मधोमध दिसत नाय.” त्यानं चेहऱ्यापुढं हात धरला आणि बोटं पसरली. “कडंकडंनं दिसतं. बघाया गेलं की जातं, नाय बघितलं की येतं. आधी वाटलं चष्म्याचं हाय. मंग वाटलं, सांगितलं की कामच जाईल.” तो बाकड्यावर बसला. “पत्र्याचं हाताला कळतं. साबणाचं तेवढं हाताला कळत नाय.”

ती त्याच्याशेजारी बसली नाही. विचारायचं होतं ते उभ्यानंच विचारलं. “म्हणून बोलवत व्हतात मला? चा घेऊन?”

हैबतीनं लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्यानं लगेच दिलं नाही याचं तिला बरं वाटलं. लगेच दिलेलं तिनं मानलं नसतं.

“पयल्यांदा म्हणूनच,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू. मंग सवय लागली. बत्तीचं काम नसलं तरी दुपार झाली की वाटायचं, आता कायतरी पेटवावं.”

आवडीला हसू आलं आणि डोळेही भरले, आणि यातलं कुठलं आधी आलं ते तिला कळलं नाही. एवढं पुरतं का, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. पुरेसं की अपुरं, ते मापायला तिच्याकडं माप नव्हतं. पण सकाळपासून गळ्याशी अडकलेलं काहीतरी खाली उतरलं, एवढं खरं.

“पन तुझा नेम,” तो म्हणाला. “माझ्यापायी मोडायचा नाय हां.”

“मोडायचा कशाला? सकाळी लोखंड ठोका तुमी. जर्मनला बत्ती दुपारी लावायची, माझं तोंड सुटल्यावर.” ती पदर खोचून डब्याचे पुडे सोडू लागली. “आनि सोमवारी डोळं दाखवाया जायचं. प्रियदर्शिनीला मी सांगनार हाय. नको म्हणायचं नाय.”

त्यानं ताट पुढं ओढलं. भात कालवता कालवता त्याचा हात थांबला. “पिवळी नाय मग ती?”

“नाय. मोरपंखी हाय.”

“मोरपंखी,” त्यानं तो शब्द हळू उच्चारला, पत्र्यावरून तळहात फिरवावा तसा. “कोणी आणली?”

“तुमीच. दिवाळीत.”

“दुकानदार म्हणाला निळी हाय. मी म्हटलं, बांध.” मग त्यानं ताट बाजूला सारलं. “ऱ्हा जरा तिथं. हलू नको.”

आवडी भातवाढी हातात धरून जिथं होती तिथं उभी राहिली. हैबतीनं तिच्यावरनं नजर काढली, मान पलीकडच्या भिंतीकडं वळवली आणि भिंतीकडं बघत बघत तिला पाहू लागला.